पहिल्या बोलीचा मान

प्रिय बिभीषणदादा,

फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहिते आहे. परवा बांधावरून जाताना शाळेच्या शेतातली तुझी डाळिंबं पाहिली. छान धरली आहेत. तुझ्या हाताला गुण आहे, हे मी कुणापुढेही सांगेन.

हल्ली सारखे आबा आठवतात. मेंढरांमागे उन्हातान्हात फिरलेला, सहीसुद्धा न येणारा माणूस. विहिरीलगतची चांगली जमीन त्यांनी शाळेला दिली, ती कसायला देऊन येणाऱ्या खंडाच्या पैशावर शाळेची नड भागावी म्हणून. पाडव्याला शाळेच्या अंगणात लिलाव करायचा आणि खंड एकाच वर्षाचा. जास्त मुदत हवी तर जिल्हा परिषदेची परवानगी. दरवर्षी जमीन पुन्हा गावासमोर यावी, एवढ्यासाठीच तो नियम. आबा गेल्यावर गावाने पहिल्या बोलीचा मान तुला दिला. दात्याचं घर म्हणून तुझ्यावर दुसरी बोली कुणी लावेना. मला तेव्हा किती अभिमान वाटला होता, काय सांगू.

मग वर्षाच्या खंडावर तू डाळिंब लावलंस. डाळिंब काय वर्षाचं पीक आहे, दादा? नियम कागदावर राहिला, जमीन तुझीच झाली आणि खंड होता तिथेच. कुंपणानेच शेत खाल्लं, असं गाव तोंडावर म्हणत नाही, हा गावाचा मोठेपणा. मी शाळा समितीची अध्यक्ष, आणि माहेर तुटेल या भीतीने खाली मान घालून बसायचे.

गेल्या पाडव्याला केराबाईने हात वर केला होता. शेळ्यांच्या चाऱ्यासाठी तिला ते शेत हवं होतं. तू नुसतं तिच्याकडे पाहिलंस आणि वर गेलेल्या हाताने तिने डोक्यावरचा पदर सारखा केला. नंतर उलट मलाच समजावत होती, "दात्याच्या घरापुढं बोलायचं नसतंय की, सोनम. आबांचं नाव ऱ्हायला पायजे." मला इतकी लाज वाटली, की तिच्या दारावरून जायचंही मी टाळू लागले.

आता तू दहा वर्षांच्या कराराचा ठराव मागतोस. अध्यक्ष माझी बहीणच आहे, काम झालंच म्हणून समजा, असं चहाच्या टपरीवर सांगतोस. इकडे शाळेची मोटार जळून पडली आहे आणि मुलींच्या संडासात पाणी नाही. तुझी भाची पायल शाळा सुटेपर्यंत पाण्याचा घोट घेत नाही. का, ते तिने मला एकदाच सांगितलं, तेही तोंड फिरवून.

काल मी अध्यक्षपद सोडलं. भावासाठी वाट मोकळी केली, असं लोकांना वाटलं, वाटू दे. अध्यक्षाला बोली लावता येत नाही, म्हणून सोडलं. पाडव्याला पहिली बोली तूच लाव, तो मान तुझाच. दुसरी मी लावणार आहे. मला ते शेत नको. पण दात्याच्याच घरातून दुसरी बोली आली, की तिसरी लावताना केराबाईला हात मागे घ्यावा लागणार नाही. हे तुला चारचौघांत कळू नये, म्हणून आधी लिहिलं. लिलाव झाला की जेवायला घरी ये. रागावून आला नाहीस, तरी तुझं पान मी वाढून ठेवीन.

तुझीच धाकटी,
सोनम