मेंबर लोकांची सहल

४ फेब्रुवारी २०२१, गुरुवार

फोन काढून घेतला! गाडी पाथर्डीच्या पुढे गेली नाही तोच भगवानरावांचा माणूस नाथा कापडी पिशवी घेऊन उभा राहिला आणि आरतीचं ताट फिरवावं तशी ती सगळ्यांपुढे फिरवली. "निवड होईस्तोवर कुनाचा कुनाला फोन न्हाई, वहिनी. पलीकडचे बारा गावचं पानी पिल्याले हायत." मी आमच्या ह्यांच्याकडे बघितलं. "हरिओमभाऊ, टाका," नाथा ह्यांना म्हणाला. ह्यांनी आपला फोन मुकाट्याने पिशवीत टाकला आणि माझाही टाकला!

ही वही मात्र कुणी मागितली नाही. बाईच्या वहीला कोण भितं!

म्हणे सहल. जानेवारीत मी ग्रामपंचायतीची मेंबर झाले तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं की आधी मेंबरांना पळवून नेतात आणि मग सरपंच निवडतात. आम्ही नऊ मेंबर. चार भगवानरावांचे, चार रामकिसन आबांचे, आणि मधे मी, कुठल्याच पॅनलची नाही. त्यामुळे पंधरा दिवस दोन्हीकडच्या गाड्या आमच्या दारात. जिथे एरवी एसटीवाला हात दाखवूनही थांबत नाही!

मत कुणाला ते मी ठरवलं नाही. ह्यांनी आणि सासऱ्यांनी ठरवलं. सासऱ्यांना (मी मामा म्हणते) एकच गोष्ट हवी होती, गायरान. आमची मेंढरं चरणार कुठे दुसरीकडे? सगळ्या शिवारात ऊस नाहीतर कापूस. भगवानरावांनी खंडोबाच्या देवळात बेलभंडारा उचलून मामांना शपथेवर सांगितलं, "बंकट, मी सरपंच झालो तर गायरानाला कुनी हात लावनार न्हाई." मग त्यांच्या पॅनलच्या मेंबरांबरोबर मीही भंडारा उचलला, मत भगवानरावांना. उचललेला भंडारा मोडायचा नाही, हे आमच्यात पाळण्यातल्या लेकराला पण ठाऊक असतं.

खरं सांगू? फोन गेला म्हणून चिडले आणि लगेच खिडकीपाशी जाऊन बसले. लग्नानंतर पहिल्यांदाच आम्ही दोघं कुठे निघालोय.

५ फेब्रुवारी

महाबळेश्वर. बाई गं, काय ही थंडी! आणि काय हे हिरवं! डोंगरच्या डोंगर गवताने भरलेले आणि त्यावर एक मेंढरू नाही. कुणी चारत कसं नाही इथे? मी हे मोठ्याने म्हणाले तर हॉटेलातला वाढपी हसला. हसू दे.

आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या मेंबर छबुबाई. भगवानरावांच्या पॅनलच्या, पण तोंड कुणाच्या पॅनलचं नाही. पॉइंटच्या कठड्याला धरून खाली बघत राहिल्या. "ह्या सातारच्या मुलखात मी किती वर्सं ऊस तोडला गं. पाचटाच्या कोपीतनं हेच डोंगर दिसायचे. पर वर काय हाय ते कुनी दावलं न्हाई." त्यांच्या शेजारीण विमलबाई. त्याही मेंबर, आणि छबुबाई म्हणतील त्याला मान डोलवायची एवढंच काम. त्यांनी मान डोलवली.

ह्यांनी मला गोल टोपी घेऊन दिली. पदरावर टोपी! आरशात बघितलं आणि हसून हसून पोट दुखलं. पॉइंटवर चारचौघांत ह्यांनी माझा हात धरला. मी सोडवून घेतला नाही.

६ फेब्रुवारी

आज चांगलाच धक्का बसला. सकाळी नाथाने आम्हाला तळ्याकाठी ओळीने उभं केलं. हातात स्ट्रॉबेरीचे डबे, डोक्यावर टोप्या. मोबाइल समोर धरला आणि म्हणाला, "म्हना, आमी आमच्या मर्जीनं देवदर्शनाला आलोय, आमाला कुनी डांबून ठिवल्यालं न्हाई."

कशाला? तर पलीकडच्यांनी पोलिसांत अर्ज दिला म्हणे, आमचं अपहरण झालंय! अपहरण! माझं! मागे लोक नाव वल्हवतायत, पोरं आइस्क्रीम खातायत, आणि आम्ही म्हणतोय देवदर्शन.

"कंचा देव सांगू?" छबुबाईंनी विचारलं. नाथा म्हणाला, "कंचाबी सांगा पर मास्क खाली घ्या, तोंड दिसाय पायजे."

मी बोलले. अडखळत बोलले, पण बोलले. नंतर ह्यांना विचारलं, "आपल्याला आज घरी जायचं म्हटलं तर जाऊ देतील का?" हे म्हणाले, "तू कावून असं इचारती? फुकटात डोंगर बघायलीस, बघ की." प्रश्नाचं उत्तर नव्हतं ते.

७ फेब्रुवारी

दिवसभर घाट. सगळ्यांना उलट्या. विमलबाईंनी माझ्या टोपीत केली. टोपी गेली.

८ फेब्रुवारी, सोमवार

समुद्र!!

काय लिहू. संपतच नाही तो. आमच्याकडे पाझर तलाव भरला तर लोक नारळ घेऊन बघायला जातात, आणि इथे हे एवढं पाणी, आणि खारट! मी चाखून बघितलं. थुंकले. परत चाखलं. छबुबाईंना राग आला, "येवढं पानी दिलं देवानं, अन् मीठ कावून घातलं त्यात?" त्यांच्या दाराशी टँकर येतो. त्यांचा राग मला पटला.

मग भगवानराव आले, हाफ चड्डीवर! ज्या माणसापुढे गावात बायका चप्पल हातात घेतात, तो फुलाफुलांची चड्डी घालून पाण्यात! छबुबाईंनी पटकन डोक्यावर पदर घेतला आणि समुद्राकडे पाठ केली. मला हसू आवरेना.

पण खरा धक्का संध्याकाळी. मी आणि विमलबाई गुडघाभर पाण्यात उभ्या. एक लाट आली आणि लाटेबरोबर एक बाई धाडकन माझ्या अंगावर. दोघी पडलो. नाकातोंडात पाणी. मी तिचा दंड धरून तिला उभी केली, तोंडावरचे केस बाजूला केले तर उज्ज्वला!

आमच्या गल्लीतली उज्ज्वला. रामकिसन आबांच्या पॅनलची. प्रचार सुरू झाला तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही, समोरून आली तर तोंड फिरवते. तिच्यामागे तिची जाऊ, तीही मेंबर. आणि पलीकडे नारळाच्या झाडाखाली त्यांचे दोन गडी. ज्यांच्यापासून लपवायला आम्हाला इतक्या लांब आणलं, ते आमच्याच हॉटेलात, जिन्याच्या पलीकडच्या खोल्यांत!

मग उज्ज्वला हसली. मग मीही. लाट परत आली, परत पडलो. हसणं थांबेना. नाथा ओरडत आला, "वहिनी, भाईर या, ती पलीकडची हाय!" पलीकडची! पाण्यात कसलं पलीकडे!

९ फेब्रुवारी

आज सगळं लिहून ठेवते.

सकाळी गडीमाणसं बंदरावर मासे बघायला गेली. आम्ही पाचही बाया वाळूत बसलो, इकडच्या तीन, तिकडच्या दोन. उज्ज्वलाने चिवड्याचा डबा उघडला. चिवड्याखाली फोन! तिने तो पिशवीत टाकलाच नव्हता. मला तिची हुशारी बघून आनंद झाला, पण तो पुढचं ऐकेपर्यंतच.

तिच्या दिराचा काल फोन आला होता. गायरानावर माणसं आलीत. फिती टाकून मोजतायत, खांब रोवतायत. सोलरवाली कंपनी. कुणी विचारलं तर म्हणतात, "तुमच्या मेंबर लोकांनी सांगितलंय." मेंबर लोक इथे आहेत, शिंपले वेचतायत!

"आबांनी आमच्यासाठी बी भंडारा उचलला व्हता," उज्ज्वला म्हणाली, "गायरानात घरकुलाला जागा देतो म्हनून."

म्हणजे एकच गायरान दोघांनी दोघांना दिलं. आणि देणार तिसऱ्यालाच.

मी मामांना फोन लावू म्हटलं तर लावणार कुठे? घरातले दोन्ही फोन नाथाच्या पिशवीत. मामांकडे नाहीच. मेंढरांमागे फोन कशाला, असं ते म्हणतात.

दुपारी जेवणाच्या खोलीकडे गेले, तिथे भगवानराव आणि रामकिसन आबा एका टेबलावर! गावात हे दोघं एका लग्नाच्या पंगतीत बसत नाहीत. एक आला की दुसरा ताट सोडून उठतो. इथे एका ताटातला मासा दोघं मिळून सोलत होते. आबा म्हणत होते, "पयली अडीच वर्सं तुमी, मागची आमी. कंपनीचा ठराव मातर पयल्याच बैठकीत घ्या." मी दारातच उभी. त्यांना दिसलेही नाही. बाई दारात उभी असली तर ती ताट वाढायला, असंच वाटतं ना.

तेव्हा कळलं. आम्हाला एकमेकांपासून लपवलं नव्हतं. नऊच्या नऊ मेंबर गावापासून लांब ठेवायचे होते, खांब रोवून होईपर्यंत! आणि आम्ही टोप्या घालून "आमच्या मर्जीनं" म्हणत होतो. थू!

ह्यांना खोलीत गाठलं. सगळं सांगितलं. हे पलंगावर बसून पायाची वाळू झाडत होते. म्हणाले, "मोजनी व्हती म्हनजी जमीन जाती का लगीच? मी हाय ना. तू डोक्याला ताप करून घेऊ नको. उंद्या परत तुला समुद्र दिसनार हाय का?" वाळू झाडतच राहिले. मला वाटलं हे उठतील, भगवानरावांची गचांडी धरतील. मामांचा जीव आहे त्या मेंढरांत, ह्यांना माहीत नाही का?

मला रडू आलं. पण भंडारा उचललाय मी. खंडोबाच्या पायरीवर उचललाय. भगवानरावांना मत दिलं नाही तर देवाशी खोटी ठरते, दिलं तर घराशी. संध्याकाळी मी हेच छबुबाईंपुढे बोलले. त्यांनी तंबाखू मळता मळता ऐकलं.

"भंडारा तू एकटीनंच उचलला व्हय? त्येनंबी उचलला, गायरानाला हात लावनार न्हाई म्हनून. पयला कुनी मोडला? त्येनं. मोडल्याल्या भंडाऱ्याला तू एकटी कावून धरून बसलीस, पोरी?"

मी त्यांच्या पायाच पडले. इतकं साधं होतं, आणि मला सुचलं नाही!

मग त्यांनी कनवटीची भंडाऱ्याची पुडी सोडली. वाळूत, ओल्या लुगड्यांनी, आम्ही पाचही जणींनी भंडारा उचलला. उज्ज्वला म्हणाली, "छबुमावशी, तुमीच व्हा सरपंच." छबुबाई उसळल्या, "मला सही येत न्हाई, त्यो ग्रामसेवक मला इकून खाईल. ही लिव्हती. रोज लिव्हती. हिला करा."

विमलबाईंनी मान डोलवली.

मी! मी नको म्हणत होते आणि कुणी ऐकत नव्हतं.

१० फेब्रुवारी

परतीची गाडी. कुणी कुणाशी बोलत नाही. नाथाला वाटतंय आम्ही दमलोय. ह्यांना काही सांगितलं नाही. लग्नानंतर पहिल्यांदाच काही लपवलं. समुद्र दिसेनासा झाला तेव्हा वळून बघितलं. कसाही असो, समुद्र मला आवडला.

११ फेब्रुवारी, गुरुवार

घरी जाऊच दिलं नाही. गाडी थेट ग्रामपंचायतीच्या दारात. आत जाताना मी ह्यांना म्हणाले, "मी अर्ज भरतेय." हे तोंडाला पाणी मारावं लागेल असे पांढरे झाले. म्हणाले, "नको. आता त्याचा काय उपेग न्हाई, धनश्री." मी ऐकलं नाही.

निवडणुकीसाठी आलेल्या साहेबांनी नावं वाचली. भगवानराव हसत होते. माझं नाव आलं तेव्हाही हसतच होते, त्यांना वाटलं साहेबांची काहीतरी गफलत झाली. "हात वर करा." पाच हात वर! बांगड्यांचे पाच हात! रामकिसन आबा खुर्चीतून अर्धे उठले आणि तसेच राहिले. भगवानराव ओरडले, "छबे, भंडारा उचललाय तू!" छबुबाई म्हणाल्या, "तुमी बी उचललाता, मालक. बसा खाली."

मी सरपंच झाले. मी! उज्ज्वलाने गुलाल लावला तर डोळ्यात गेला, समोरचं काही दिसेना. पहिलं बोलले ते हेच की गायरानातले खांब उद्याच काढायचे. बाहेर लोक ओरडत होते. ह्यांना शोधलं. हे नव्हते.

आता घरी जाते. मामांना मीच सांगणार.

१२ फेब्रुवारी

मेंढरं नाहीत. एकही नाही. वाडगं रिकामं.

मामा ओट्यावर बसले होते. माझ्या अंगावरचा गुलाल बघून म्हणाले, "तुमी सहलीला निघायच्या आदल्या दिशीच हरिओमनं गिऱ्हाईक आनलं. गायरान तर जानारच हाय म्हनला, आता मेंढरं ठिवून काय करायचं. परवा नेली समदी. मला वाटलं तुला ठावं हाय, पोरी."