कराक माणसाळली

३ ऑगस्ट, रविवार

वरद काल पुण्याला गेला. इंजिनिअरिंग, होस्टेल, चार वर्षं. मंजुषा एअरपोर्टवर रडली. मी तेवढ्यात ट्रॉली जागेवर लावून आलो. घरात एकाने तरी प्रॅक्टिकल राहायला हवं.

मागे राहिली कराक. लेपर्ड गेको, म्हणजे चक्क पाल, फक्त ठिपक्यांची आणि विकत घेतलेली. रंग इथल्या टपरीवरच्या दुधाळ कराक चहासारखा, म्हणून हे नाव. वरदच्या खोलीत काचेच्या टँकमध्ये असते आणि त्याच्याशिवाय कुणीही दिसलं की फुत्कारते. तो म्हणत होता, बाबा, जस्ट गिव्ह हर टु राहिल. राहिल म्हणजे त्याचा शाळेतला मित्र. हमीदभाईंचा मुलगा, इथल्या मुसफ्फा इंडस्ट्रियल एरियात वर्कशॉप आहे ते. त्याच्याकडे आधीच तीन गेको आहेत. मी म्हटलं, एक महिना दे. ३१ ऑगस्टपर्यंत हातावर बसवून दाखवतो, नाही तर खुशाल राहिलकडे. बावीस वर्षं आखातात साइटवर सेफ्टी मॅनेजर आहे, चारशे माणसांना हेल्मेट घालायला लावलंय. ही तर पाल.

वरदने दोन पानं इन्स्ट्रक्शन्स लिहून ठेवल्यात. चाळल्या. तिला बघायला रोज सात वाजता व्हिडिओ कॉल करणार म्हणाला. करू दे. मला काय.

४ ऑगस्ट, सोमवार

एक्सेल शीट तयार. फेज १: परिचय. फेज २: विश्वास. फेज ३: हात. प्रत्येकी नऊ दिवस.

वेळ वाचावा म्हणून फेज १ मध्येच हात घालून पाहिला. चावली. रक्त नाही, अपमान आहे. इन्सिडेंट रिपोर्ट भरला. रूट कॉज: पालीचा ॲटिट्यूड.

सात वाजता कॉल. वरदने तिला सहा मिनिटं पाहिलं. मला विचारलं, ऑल गुड? म्हटलं, ऑल गुड.

७ ऑगस्ट, गुरुवार

यूट्यूबवरचा तज्ज्ञ म्हणतो, वापरलेला कपडा टँकमध्ये ठेवा म्हणजे वासाची सवय होते. माझा बनियन ठेवला. कराक दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन बसली ती बसलीच. मंजुषा म्हणाली, तिचं नाक शाबूत आहे म्हणायचं. मंजुषा स्वतः त्या खोलीच्या उंबऱ्याआत येत नाही. तिचं म्हणणं, पाल अंगावर पडली तर लोक आंघोळ करतात, आणि आमचे हे ती पडावी म्हणून हात धरून बसलेत.

पायोनिअर लोकांना घरून सपोर्ट कधीच नसतो.

कॉल चार मिनिटं. पुण्याचं नेटवर्क खराब असणार.

१० ऑगस्ट, रविवार

काल कॉल नाही. आज सात ते साडेआठ फोनशेजारी बसलो होतो, पण ते बॅटरी उतरलेली म्हणून. कॉल नाही. मेसेज आला: बिझी, सेंड पिक. पाठवला. अंगठा आला.

एक गंभीर गोष्ट लक्षात आली. वरदच्या खोलीत कुणी राहत नाही आणि टेबलामागच्या एक्स्टेन्शन बोर्डाचं बटण रात्रंदिवस चालू! आमच्या घरात तीन पिढ्या बाहेर पडताना आधी गॅस, मग सगळी बटणं बघतात. वडील तर डोंबिवलीहून ठाण्याला जातानाही मेन स्विच पाडायचे. आणि इथे सेफ्टी मॅनेजरच्या घरात हा प्रकार. ताबडतोब बंद केलं.

१३ ऑगस्ट, बुधवार

ब्रेकथ्रू. फुत्कार बंद. हात जवळ नेला, तिने नुसतं बघितलं. फेज २ वेळेआधी पूर्ण. पेशन्स, दुसरं काय.

१६ ऑगस्ट, शनिवार

हातावर बसली!! अकरा मिनिटं! हलली नाही, चावली नाही, डोळे अर्धे मिटून शांत. अंग जरा गार लागतं, पण थंड रक्ताचा प्राणी, असणारच. शिवाय एसी वीसवर. बिल कंपनी भरते.

व्हिडिओ वरदला पाठवला. उत्तर: वाऊ बाबा. विल कॉल टुमॉरो. नुसतं वाऊ लिहिता आलं असतं. त्याने बाबा लिहिलं.

१८ ऑगस्ट, सोमवार

सकाळच्या टूलबॉक्स टॉकमध्ये, म्हणजे कामगारांच्या सेफ्टी मीटिंगमध्ये, स्कॅफोल्डिंगचा विषय बाजूला ठेवून पेशन्सवर बोललो. व्हिडिओ दाखवला. फोरमन तहाने विचारलं, सर, ये बीमार तो नहीं है? म्हटलं, तहा, याला ट्रस्ट म्हणतात. त्याने मान डोलावली. माणसाला समजावून सांगितलं की समजतं.

२१ ऑगस्ट, गुरुवार

कराक आठ दिवस खात नाही. अळी तोंडाशी धरली तर मान वळवते. मंजुषाला म्हटलं, श्रावण पाळत असेल. ती म्हणाली, मग त्या अळ्या माझ्या फ्रिजमधून काढा. काल तिने श्रीखंड समजून डबा उघडला होता. डब्याला अळ्यांचं लेबल नव्हतं ही माझी चूक नाही. लेबल श्रीखंडाचं होतं.

वरदचा टुमॉरो अजून उजाडला नाही. अभ्यास असेल. त्याच्या वयात मी घरी महिन्याला एक पत्र लिहायचो, तेही बहुतेक रिकामं. तेव्हा तक्रार नाही, फक्त नोंद.

२४ ऑगस्ट, रविवार

पाच वाजता अचानक कॉल. मी ऐटीत कराकला हातावर घेऊन बसलो. वाटलं, आता तोंडभर कौतुक होणार. वरद स्क्रीनजवळ वाकला. मग विचारलं, व्हाय इज शी सो ग्रे? इज द मॅट ऑन?

मी विचारलं, कुठली मॅट?

टँकखाली हीटिंग मॅट असते. तिची वायर टेबलामागच्या बोर्डात. ते बटण चौदा दिवस बंद. इन्स्ट्रक्शन्सच्या पहिल्या पानावर, पहिल्याच ओळीत, इंग्लिश कॅपिटल अक्षरांत लिहिलंय: हे बटण कधीही बंद करू नका.

जन्मापासून इंग्लिशमध्ये उत्तर देणारा मुलगा चक्क मराठीत ओरडला. म्हणाला, बाबा, ती माणसाळली नाहीये, गारठलीये. मरेल ती.

बटण लावलं. राहिल वडिलांची पिकअप घेऊन अर्ध्या तासात आला. तिला हळूच उलटसुलट पाहिलं, कोमट पाण्यात बसवलं. म्हणाला, शी विल मेक इट, इन्शाल्ला, पण अंकल, प्लीज, डोन्ट टच.

मी भिंतीला टेकून उभा होतो. भीती वाटत होती. ही मेली तर वरद मला फोन कशासाठी करील, असं सारखं मनात येत होतं. हे लिहायचं नव्हतं, लिहिलं गेलं.

२६ ऑगस्ट, मंगळवार

कराकने अळी खाल्ली. रंग परत आला. संध्याकाळी काच पुसायला हात घातला तर फुत्कारली आणि कडकडून चावली. आयुष्यात चावल्याचा एवढा आनंद झाला नव्हता. ओरडून मंजुषाला बोलावलं. ती पहिल्यांदाच उंबऱ्याआत आली, बोट पाहिलं आणि कापूस आणायला गेली.

वरदला बोटाचा फोटो पाठवला. उत्तर: गुड. राहिल विल पिक हर अप टुमॉरो.

मी लिहिलं, डेडलाइनला अजून पाच दिवस आहेत. दोन निळ्या खुणा दिसल्या.

२७ ऑगस्ट, बुधवार. गणेश चतुर्थी

सकाळी गणपती आले, दुपारी कराक गेली. राहिलला एक्सेल शीट देऊ केली. मेल करा अंकल, म्हणाला. चांगला मुलगा आहे.

संध्याकाळी मोदक वाढताना मंजुषा म्हणाली, वरदच्या मेसमध्येही आज उकडीचे होते, पण सगळे फुटलेले. मी विचारलं, हे कधी सांगितलं त्याने? म्हणाली, दुपारी. आज मोदक करायला सुट्टी घेतली होती तरी कॉल आलाच. एरवी माझ्या क्लिनिकमध्ये लंच ब्रेक असतो तेव्हा करतो. मी विचारलं, एरवी म्हणजे? म्हणाली, रोज. तो गेला त्या दिवसापासून. अर्धा तास तरी. रूममेट घोरतो, गणिताचे सर आवडलेत, पहिल्या आठवड्यात तो स्वतः रडला होता. मला यातलं काही माहीत नव्हतं.

मी म्हटलं, मग मला का नाही सांगत? ती म्हणाली, तो पाल दाखवा म्हणायचा, तुम्ही पाल दाखवायचात.

मोदक चांगले झाले होते. दोनच खाल्ले.

३१ ऑगस्ट, रविवार

सात वाजले. पाल नाही, तेव्हा कॉल येण्याचं काही कारण नाही.

सव्वासातला मीच केला. आधी कागदावर अजेंडा लिहिला: मेस, रूममेट, गणिताचे सर. त्याने पहिल्याच रिंगला उचलला. आवाज घाबरलेला. बाबा, काय झालं? आई ठीक आहे ना? म्हटलं, सगळं ठीक आहे रे. सहज केला.

तो म्हणाला, सहज म्हणजे?

हे अजेंड्यात नव्हतं. मी फोन मंजुषाकडे दिला.