पंधराव्याचे सँडल

सोम्ब्रेरेते, ९ मार्च १९८७

चि. यारेलीस ओब्दुलिया आजीचे अनेक आशीर्वाद, आणि त्यांच्या मागोमाग एक धपाटा.

तुझ्या आईचा फोन औषधाच्या दुकानात आला. पंधरावा वाढदिवस थाटात करायचा सोडून तुला म्हणे समुद्र बघायला जायचंय! ऐकून मी तिथल्या स्टुलावर मटकन बसले. अगं, केकचा मान चेला आत्याने मागून घेतलाय, लहानपण संपलं म्हणून द्यायच्या शेवटच्या बाहुलीचा पाद्रीबाबांच्या बहिणीने, टाचेच्या सँडलचा माझा. निम्म्या गावाला मान वाटून झाले. आता काय सांगू, मुलगी मासे बघायला गेली म्हणून?

आणि बापाचं काय? पोरीचे सपाट बूट काढून टाचेचे सँडल घालायचे ते बापाने, मग पहिला नाच त्याच्याबरोबर. माझा एलिसेओ सरहद्दीपलीकडे कामाला गेला तेव्हा तू चार वर्षांची होतीस. पत्र लिहायचा त्याला पहिल्यापासून कंटाळा. पण लेकीच्या पंधराव्याला तो येणारच, असं मी देवळाच्या पायरीवर सगळ्यांना सांगून बसले आहे.

रागावलेली, पण तुझीच,
ओब्दुलिया आजी

ता. क. सँडल बसने पाठवलेत. घालून बघू नकोस, बापाच्या हातूनच घालायचे असतात.

दुरांगो, १८ मार्च

ती. आजीस सा. न., विनंती विशेष ही की आणखी मारू नकोस.

धपाटा पोचला, पाठ अजून हुळहुळते आहे. आजी, पंधराव्याच्या त्या फुगीर गुलाबी झग्यात मीच केक दिसले असते. चेला आत्याला कापायला दोन-दोन कशाला? आईही आधी रडली, मग कबूल झाली. नाचायला नाचो मामा तयार होता, पण तो पायावर पाय देतो हे तुलाही ठाऊक आहे.

वाढदिवसाला आम्ही दोघी मासात्लानला समुद्रावर असू. घाटात आईला उलट्या होणार, म्हणून लिंबं घेतली आहेत. सँडल फार सुंदर आहेत. घातले नाहीत, पण बरोबर नेणार आहे. का ते विचारू नकोस. आणि पपांबद्दल पायरीवर आता काही सांगू नकोस ना.

लोभ होता तेवढाच ठेव, वाढवलास तरी चालेल.
यारेली

सोम्ब्रेरेते, २ मे

चि. यारेलीस आशीर्वाद.

वाळूत टाचेचे सँडल! डोकं फिरलंय तुझं. पाद्रीबाबांच्या बहिणीने बाहुली दुकानात परत केली आणि आता रस्त्यात मला बघून तोंड फिरवते. असो. तिथे कुठे उतरणार ते कळव. एलिसेओ इथे आला तर मी त्याला जेवूसुद्धा घालणार नाही, तसाच पुढच्या बसने तुझ्याकडे पिटाळीन.

उन्हात फिरू नकोस.
आजी

मासात्लान, १३ मे

ती. आजीस सा. न.

बसून वाच. पपा सरहद्दीपलीकडे नाहीत. ते इथे आहेत. तुमच्या गल्लीतल्या ट्रकवाल्या चुय काकांनी हिवाळ्यात त्यांना इथल्या कोळंबीच्या गोदामात पाहिलं होतं. मला घर सांगितलं आणि कुणाला बोलणार नाही अशी शपथ घ्यायला लावली. समुद्र वगैरे सगळं निमित्त होतं, आजी. त्यांनी माझे सँडल घालावेत एवढंच मला हवं होतं.

काल दुपारी आई झोपल्यावर मी सँडलचं खोकं घेऊन गेले. दार त्यांनीच उघडलं. नाक थेट तुझं. मी लगेच ओळखलं. त्यांनी माझ्या हातातल्या खोक्याकडे पाहिलं आणि आज काही विकत घ्यायचं नाही म्हणाले. मी खोकं घट्ट धरून दारातच उभी राहिले. मग त्यांनाच दया आली. ऊन फार आहे म्हणून थंड पाणी आणून दिलं, कुणाचं घर शोधते आहेस विचारलं. इतक्या मायेने विचारलं गं! आतून एक लहान मुलगी पपा, पपा करत आली आणि त्यांच्या पायाला बिलगली. घर चुकलं, असं सांगून मी निघाले.

मला राग आलेला नाही. मी नुसती थक्क झाले आहे. आईला अजून सांगितलेलं नाही, आज संध्याकाळी सांगेन. सँडल खोक्यातच आहेत. आता ते कुणी घालायचे?

यारेली

सोम्ब्रेरेते, २१ मे

माझ्या यारेलीस,

पत्र दोनदा वाचलं. मग चुयला घरी बोलावून विचारलं. तो मान खाली घालून हो म्हणाला. ज्याला मी जन्म दिला तो बसने एका दिवसाच्या अंतरावर राहतो, आणि मी रोज रात्री जेवताना त्याच्या नावाचा घास काढून ठेवत होते. पोटच्या पोरीला पाणी पाजून वाटेला लावतो! मला अजून खरं वाटत नाही.

रविवारी देवळाच्या पायरीवर उभी राहून सगळ्यांना सांगितलं की एलिसेओ येणार नाही. पाद्रीबाबांच्या बहिणीने मला हात धरून घरी आणलं.

आता ऐक. शनिवारच्या बसने आईला घेऊन ये. खोकं विसरू नकोस. झगा नको, केक नको. माझे गुडघे वाकत नाहीत, तेव्हा तू देवळाच्या वरच्या पायरीवर उभी राहा, मी खालच्या पायरीवर बसेन आणि माझ्या हाताने तुला सँडल घालीन. नाच मला येत नाही. मी तुझा हात धरून उभी राहीन, तू माझ्याभोवती फिर.

तुझी आजी.
(त्याची आई पुन्हा कधी व्हायचं, ते मग बघेन.)