पहिल्या व्हॉल्व्हपाशी

१२ जानेवारी १९८६, रविवार

भाऊंचा अँप्लिफायर आज बोलला. बोलला म्हणजे — सूंऽऽ! नळ अर्धवट उघडा राहावा तसा. तबकडी लावायच्या आधीच.

दोन महिने खपून बांधलाय. पत्रा स्वतः कापला, काचेच्या व्हॉल्व्हसाठी भोकं स्वतः पाडली. निम्म्या मुलुंडचे रेडिओ दुरुस्त केलेला माझा बाप — त्याला मी काय सांगणार? पण सांगावं लागलं. भाऊ, आवाज येतोय.

'खंय? घुमत होता ता कालच काढलंय.'

घुमणं नाही. सूं.

'तुझे कान वाजतत गो.'

शेजारचे जयंतीभाई पुढच्या रविवारी नेणार. त्यांच्याकडे पाहुणे जमायचेत, जुन्या तबकड्या ऐकायला. भाऊंनी शब्द दिलाय.

१३ जानेवारी, सोमवार

विक्रोळीला कारखान्यात दिवसभर हेच करते — बिघाड कुठे नाही ते आधी ठरवायचं. घरी आल्यावर तेच. व्हॉल्यूम शून्यावर आणला, आवाज बंद. वाढवला की वाढतो. म्हणजे जन्म व्हॉल्यूमच्या आधीचा. रेकॉर्ड प्लेअर काढला, इनपुटची दोन टोकं तारेने एकमेकांना जोडली. तरी सूं. म्हणजे बाहेरून येत नाही. राहिला पहिला व्हॉल्व्ह आणि त्याच्या आजूबाजूचे चार-पाच भाग.

भाऊ पेपर वाचत होते. एकदाही मान वर केली नाही.

१४ जानेवारी

संक्रांत. काही केलं नाही.

१५ जानेवारी, बुधवार

पहिला व्हॉल्व्ह बदलला. तेच. पेन्सिलीने टिचकी मारून पाहिली. व्हॉल्व्ह ठीक.

भाऊ उठले. 'बाजूक हो.' अर्थिंगची तार उखडली, सोल्डरचा नवा डाग दिला. डाग बघण्यासारखा — मुगाएवढा, चकचकीत. बटण दाबलं, व्हॉल्व्ह तापू दिले, स्पीकरला कान लावला.

'गेला! बघ!'

सूंऽऽ — पहिल्यासारखाच. जयंतीभाई दारात उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे.

१६ जानेवारी, गुरुवार

आज तोंडातून गेलं — भाऊ, हट्ट पुरे आता.

'भंगारात दे मग.' जेवले नाहीत.

म्हातारपणाचा हेका, असं लिहायला बसले होते. पण कालचा चेहरा डोळ्यांपुढून हलत नाही. खोटं बोलणारा माणूस इतका खूश दिसत नाही.

१८ जानेवारी, शनिवार

अर्धा दिवस. लॅमिंग्टन रोडहून नवा रेझिस्टर आणला. पहिल्या व्हॉल्व्हला वीज पोचवणारा जुना रेझिस्टर भाऊंनी कुठल्याशा मोडक्या रेडिओतून काढलेला. मीटरवर आकडा बरोबर दाखवतो, म्हणून इतके दिवस संशय आला नाही. कंडेन्सरमधली वीज उतरवली, जुना काढला, नवा बसवला.

चालू केला — काही नाही! इतकं शांत की खरंच चालू आहे का म्हणून दिव्याकडे पाहिलं.

समोर बसलेल्या भाऊंनी विचारलं, 'बिघाड अजून गावाक नाय?'

म्हणजे फरकच कळला नाही. तेवढ्यात आत कुकरची शिट्टी झाली. मी दचकले. ते हलले नाहीत.

गावला, म्हटलं. मोठ्याने. दोनदा.

१९ जानेवारी, रविवार

जयंतीभाईंकडे झकास झालं. दहा-बारा माणसं. 'क्या बात है, भाऊ!' भाऊ स्पीकरला चिकटून बसले होते, जाळीवर बोटं टेकवून. सगळे हसले की हसत होते. एक क्षण उशिरा.

२० जानेवारी, सोमवार

कानाच्या डॉक्टरांकडे चला म्हटलं. वाटलं होतं भांडतील. 'चल,' म्हणाले.

२१ जानेवारी, मंगळवार

बारीक, उंच आवाज दोन्ही कानांनी ऐकू येत नाहीत. कधीपासून, डॉक्टरांनी विचारलं. भाऊ म्हणाले, 'सहा वर्षां झाली.' सहा!

परतताना विचारलं — मग गिऱ्हाइकांचे रेडिओ?

'तुझी आई रोज डबो घेऊन दुकानात येय ना? ती माझ्यासाठी ऐकूक येय. सूं असलो तर एक बोट, खरखर असली तर दोन. मी फक्त डाग देय.'

आई गेली आणि त्याच महिन्यात त्यांनी दुकान बंद केलं. दुःखामुळे, असं मी दोन वर्षं सगळ्यांना सांगत होते.