मुळात हे फळ आहे

२ सप्टेंबर
आजपासून दारू बंद. कायमची. सकाळी चहा पिता पिता सौ.ला सांगून टाकलं. ती मशीनवर कुणाच्या तरी ब्लाउजला बाही लावत होती. मान वर न करता म्हणाली, बरं. बस्स, एवढंच! नवरा आयुष्य बदलायला निघालाय आणि ही म्हणते बरं. टाळ्या नकोत मला, पण निदान मशीनवरचा पाय तरी थांबवावा.

३ सप्टेंबर, संध्याकाळ
नुसतं बसवत नाही. हातांना काहीतरी छंद हवा.

फोनवर एक व्हिडिओ बघितला. एप्रन घातलेला एक दाढीवाला घरच्या ओट्यावर ताज्या फळांची कॉकटेल करतो. क्राफ्ट कॉकटेल म्हणतात त्याला. बघतच राहिलो. हा माणूस पीत नाही, घडवतो. दारुडा बाटली उघडतो आणि ओततो, संपलं. इथे फळ निवडायचं, सोलायचं, मुरवायचं, गाळायचं. मुळात हे फळ आहे. व्होडका आपली फळाची चव बाहेर काढण्यापुरती, नाममात्र. डॉक्टरसुद्धा फळं खा म्हणूनच ओरडत असतात.

५ सप्टेंबर
साहित्य आणलं. शेकर, लांब दांड्याचा चमचा, मापाची वाटी, एप्रन. एप्रन बघून सौ. म्हणाली, मी शिवून दिला असता की. म्हणजे पाठिंबा आहे. मग तिनं पिशवीतली बाटली बघितली. मी नीट समजावलं की ही प्यायची नाही, हिच्यात आलुबुखार बुडवायचे आहेत. ती आत गेली. समजून घेणं हा प्रकारच नाही या घरात.

साखरेची मोठी बरणी रिकामी केली आणि आलुबुखार भिजत घातले. आठवडाभर बरणीला हात लावायचा नाही. दाढीवाल्यानं बजावून सांगितलंय.

६ सप्टेंबर
सकाळी थोडी चव बघितली. मुरतंय की नाही ते कळायला नको?

दुपारी पुन्हा बघितली. संध्याकाळी बघतो तर बरणीतली पातळी चांगलीच उतरलेली. आलुबुखार भलतेच शोषून घेतात. वरून भर घातली.

९ सप्टेंबर
शेकर निकृष्ट. झाकण आधी बसेना, मग निघेना. ओट्यावर आपटलं तर एकदम उडालं. अर्धं कॉकटेल छताला आणि उरलेलं पंख्यावर. पंखा चालू होता. चारही भिंतींना समान वाटप.

सौ. स्टुलावर चढून भिंत पुसत होती. मी खाली उभा राहून तिला सांगत होतो की दोष झाकणाचा आहे. तिनं विचारलं, गेल्या बुधवारी सोडली ती हीच का? म्हटलं, विषय बदलू नकोस.

१२ सप्टेंबर
गाळण्याचा दिवस. चहाची गाळणी चालत नाही, मलमल लागते. मशीनच्या खोलीत गेलो तर शेल्फवर पांढरीशुभ्र मलमल घडी घालून तयार! बायको शिवणकाम करत असल्याचा असाही फायदा. चार पदरी करून सगळं गाळलं, पिळलं, पुन्हा गाळलं. काय रंग आला! ग्लास खिडकीत धरून किती तरी वेळ बघत बसलो. इतकं सुंदर काही मी हातानं केल्याचं आठवत नाही. आणि सुंदर वस्तू नुसती ठेवून खराब करायची नसते.

१३ सप्टेंबर
मलमल गिऱ्हाइकाची ओढणी निघाली. कडेनं हातानं भरलेली जाळी, दोन महिन्यांचं काम म्हणे. आता मला काय स्वप्न पडलं होतं? तरी मी मोठ्या मनानं म्हटलं की रंग छान आलाय, अख्खी बुडवून एकसारखी करून देतो.

सौ. ओरडली नाही. ओरडली असती तर मी उत्तर दिलं असतं, माझ्याकडे तयार होतं. ती ओढणी मांडीवर घेऊन नुसती बसली. मग उठली, माझ्या तोंडाजवळ आली, वास घेतला आणि म्हणाली, अहो, आंघोळीच्या आधीच? म्हटलं, फळ आहे.

१५ सप्टेंबर
सौ. धाकट्या बहिणीकडे गेली. थोडा हवापालट. तिला हवाच होता, फार काम करते.

मशीनही नेलं. बहिणीचं बरंच शिवायचं साचलं असणार. टेम्पोवाला एकटाच होता, म्हणून जिन्यावरून मीच एका बाजूनं धरून उतरवलं. कमरेत भरलंय. वर कुणी थँक्यू नाही. ती पुढे बसली तेव्हा म्हटलं, ये परत, तोवर पेअरचं काहीतरी झकास करून ठेवतो. ती टेम्पोवाल्याला म्हणाली, चला.

१८ सप्टेंबर
घर शांत आहे. कामाला ही शांतता फार चांगली. तिच्या खोलीत आता ओटा म्हणून एक टेबल टाकावं असा विचार आहे. दाराशी गेलो. फरशीवर मशीनच्या पायांचे चार डाग आणि कडेला टाचण्या. आत नाही गेलो. टाचण्या पायात गेल्या तर कोण बघणार?

पेअर उत्तम मिळाले. आलं घालून मुरवले. पाण्याच्या बाटलीत थोडं ऑफिसला नेतो. फळांचा रस दिवसभर पोटाला बरा.

२२ सप्टेंबर
आमची कंपनी लिफ्टची देखभाल करते. तक्रारीचा फोन मी घेतो आणि मेकॅनिक मी पाठवतो, गेली कित्येक वर्षं. आज एका इमारतीत एक बाई लिफ्टमध्ये अडकली आणि मेकॅनिक गेला भलत्याच इमारतीत. मी पत्ता सांगितला तो बरोबरच होता. दुसऱ्या इमारतीचा होता, पण बरोबर होता. बाई दोन तास अडकली म्हणून केवढा गहजब! अडकली म्हणजे काय, उभीच तर होती. मी रोज तेवढा वेळ बसस्टॉपवर उभा असतो.

साहेब माझ्या टेबलापाशी आला. कालचं पोरगं, मीच त्याला काम शिकवलं. पाण्याची बाटली उचलली, झाकण उघडलं, पुन्हा लावलं. म्हणाला, काका, काही दिवस घरी आराम करा, मी कळवीन तेव्हा या.

२३ सप्टेंबर
भरपगारी असावी असा अंदाज आहे. मी न मागता रजा दिली म्हणजे शेवटी कदर आहेच. इतकी वर्षं राबलो ते कुणाच्या तरी नजरेस आलं म्हणायचं. आता पूर्ण वेळ फळांना.

२७ सप्टेंबर, रविवार
साडू आला होता. हा माणूस सकाळी कोमट पाणी पितो आणि दिवसभर ते सगळ्यांना सांगतो. सौ.ची मोठी कात्री आणि इस्त्रीचं टेबल न्यायला आला होता. म्हटलं, हवापालटाला इस्त्रीचं टेबल कशाला? तो चुळबुळला. म्हणाला, ताईंनी तिकडे बोर्ड लावलाय, गिऱ्हाइकं येतात.

मी डाळिंबाचं नवीन कॉकटेल पुढे केलं. नको म्हणाला, गाडी चालवायचीय. म्हटलं, दोन घोट फळाला काय गाडी आणि काय घोडी! नाहीच घेतलं. जाताना दारात थांबला आणि म्हणाला, साडूभाऊ, ताई रडत वगैरे नाहीत हो, छान झोपतात. हे सांगायची काय गरज होती? मेला शहाणा. त्याचा ग्लास मीच संपवला, माझाही.

५ ऑक्टोबर
पोरीचा फोन. ती लांबच्या गावी नोकरीला आहे, खास रजा काढून येतेय. म्हणाली, बाबा, येत्या रविवारी आईला घेऊन येते. एकदाच. तू घरात दारू ठेवली नसशील आणि प्यायला नसशील तर आई राहील. नाहीतर पुन्हा मी तिला विचारणार नाही, आणि तुलाही नाही.

म्हटलं, थेंब दिसणार नाही. पोरगी म्हणाली, दिसणार नाही नको रे बाबा, नसू दे. शब्दांचा कीस काढायची सवय तिला आईकडून आली.

पण आनंद झाला. फोन ठेवल्यावर हात थरथरत होते. आनंदानंच.

६ ऑक्टोबर
योजना ठरली. सौ.साठी बिनदारूचं पेय करायचं. शुद्ध फळ. एकदा तिनं चव घेतली की माझा मुद्दा तिला आपोआप पटेल: मुळात हे फळ आहे.

तिला कुठलं फळ आवडतं हे आठवेना. सव्वीस वर्षं संसार केला, सफरचंद की संत्रं, काही केल्या आठवेना! पोरीला फोन करून विचारलं. ती म्हणाली, पेअर, कच्चट, सालासकट, मीठ लावून. आणि गोड तिला आवडत नाही बाबा, कधीच आवडलं नाही. मी इतकी वर्षं दर वाढदिवसाला पेढे आणायचो. खायची गुपचूप.

८ ऑक्टोबर
पेअर, आलं, मीठ, लिंबू. पहिला प्रयत्न फसला, पाणचट. दुसरा कडू, बिया गेल्या होत्या. दोन्ही वाया जाऊ नयेत म्हणून त्यांत माझं घालून संपवले.

१० ऑक्टोबर
बाटल्या आणि बरण्या मशीनच्या खोलीत हलवल्या, वर चादर टाकली. घर म्हणजे आपण जिथे वावरतो ते. रिकामी खोली काही घरात धरत नाहीत.

फरशी पुसली, छत पुसलं, पंखा पुसला. दाढी केली. उद्या सकाळपासून काही घ्यायचं नाही, चवीपुरतंही नाही. माझ्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

११ ऑक्टोबर, रविवार
सकाळपासून काही घेतलं नाही. घाम फुटला, पण नाही घेतलं. हे कुणी लिहून ठेवणार नाही म्हणून मीच लिहितोय.

दोघी अकराला आल्या. सौ. बाहेरच्या खुर्चीत पर्स मांडीवर ठेवून बसली. बारीक झालीय, चांगली दिसत होती. मी पेअरचा जग आणला. खरंच साधलं होतं, आंबटसर, खारट, मागून आल्याची चुणूक. पोरीनं आधी वास घेतला आणि आईकडे बघून मान डोलावली. मग सौ.नं घोट घेतला. दुसरा घेतला. म्हणाली, छान झालंय. मग म्हणाली, खरंच छान झालंय हो. तुम्हाला कसं सुचलं?

शेवटचं तिनं मला असं काही कधी म्हटलं होतं कोण जाणे.

म्हणाली, तुम्हीही घ्या ना. बसा असे, याच जगातलं घ्या. बसलो, घेतलं. ती तिकडच्या गिऱ्हाइकांचं सांगत होती, पोरगी हसत होती. मशीन आणायला टेम्पो कधी सांगायचा यावर बोलणं आलं. खरोखर आलं! आणि मी ग्लास हातात धरून बसलो होतो. चव होती, सगळं होतं. पण ते पोटात जाऊन काहीच करत नव्हतं. बर्फ आणतो म्हणून उठलो.

थेंबभरच घातली. सुगंधापुरती. चादर होती तशी नीट टाकली.

परत आलो तर सौ. माझ्याकडे बघत होती. रागानं नाही. हात पुढे करून म्हणाली, ग्लास बदलू या का? माझ्यातलं तुम्ही घ्या, तुमचं मी घेते. म्हटलं, उष्टं कशाला? सौ. म्हणाली, आजवर आपण कधी उष्टं मानलं? हात तसाच पुढे. मी काय करणार होतो? एका दमात सगळा ग्लास संपवला. तिच्या हाती काही लागलं नाही.

तिनं हात मागे घेतला. आपल्या ग्लासातलं उरलेलं शांतपणे पिऊन संपवलं, आत जाऊन ग्लास धुतला आणि उपडा ठेवला, पाहुणी ठेवते तसा. पोरगी रडत होती. सौ. तिला म्हणाली, चल ग. मला म्हणाली, पेअरचं मात्र मनापासून छान केलं होतं तुम्ही.

१२ ऑक्टोबर
थेंबभराचा एवढा बाऊ! प्रमाण बघावं की नाही माणसानं? आणि सिद्ध तरी काय झालं? वास आल्याचा की पेअरचा हेसुद्धा कळलं नसतं. तिनं निदान विचारायचं तरी. मी खरं सांगितलं असतं, बहुतेक.

साहेबाचा फोन आला नाही. मीही केला नाही.

१४ ऑक्टोबर
फळं संपली. बाजारात जायचा कंटाळा आला.

नुसतीच घेतली.