चव घेणं म्हणजे पिणं नव्हे

सोमवार, ९ तारीख. सकाळी ९.
सुट्टीचा पहिला दिवस. हॉटेल ठीक. लिफ्ट कुरकुरते. आता आठवडाभर नुसता आराम, चालणं आणि फळं.

बिअर सोडून काल पाच महिने झाले. उजव्या पायाचा अंगठा शांत आहे. युरिक ॲसिड वाढलंय, वर्षभर थेंब नको, असं डॉक्टरांनी बजावलं तेव्हा बायको म्हणाली, एकट्याला पथ्य जड जातं, तुम्ही बिअर सोडा, मी चहा सोडते, वर्षभर. तिचा चहा म्हणजे दिवसाला पाच कप. लग्नात माहेर सोडताना रडली नसेल एवढी त्या दिवशी चहाचं पातेलं माळ्यावर टाकताना रडवेली झाली.

आज नाश्त्याला शेजारच्या टेबलावर चहा आला. हिने मान वळवली. बिचारी. सगळ्यांचाच माझ्यासारखा मनोनिग्रह नसतो.

दुपारी ३.
रिसेप्शनवर एक नकाशा मिळाला. शहरात सहा छोट्या ब्रुअरी आहेत. स्वतःच बिअर बनवतात, तिथेच विकतात. नकाशावर सहा चौकोन, प्रत्येक ठिकाणी एक शिक्का. नुसता वाचायला घेतलाय. वाचन वाईट नसतं.

मंगळवार, १०
दुपारी ही दीड तास झोपते. मी शतपावलीला निघालो. पावलं शंभराच्या वर गेली त्याला माझा इलाज नाही.

पहिली ब्रुअरी जुन्या गॅरेजात आहे. आत ताज्या पावासारखा वास, काचेपलीकडे तांब्याची टाकी. बघून परतणार होतो. पण बिअर बनवणारा मिशाळ गृहस्थ गमबुटात बाहेर आला आणि म्हणाला, चव तरी घ्या. लाकडी फळीवर चार चिमुकले ग्लास. खोकल्याचं औषध याहून मोठ्या मापात देतात! आणि चव घेणं म्हणजे पिणं नव्हे. तिसरी, काळी, कॉफीसारखी निघाली. तिचा एक मोठा ग्लास घेतला, तुलनेसाठी. शिक्का त्याने आपण होऊन मारला. नको म्हणणं उद्धटपणाचं दिसलं असतं.

तोंडात पेपरमिंट टाकून परतलो. ही जागी होती. म्हणाली, चालण्याने चेहरा कसा तजेलदार झालाय तुमचा. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

निश्चय: उद्यापासून बंद.

बुधवार, ११
दोन ब्रुअरी. कालचा निश्चय थकलेला असताना केला होता. थकव्यातले निश्चय धरायचे नसतात.

एकीत गव्हाची, दुसरीत चेरी घातलेली आंबट. चेरी म्हणजे फळ. फळं खायची असं ठरलंच होतं.

तरी मन खातं. परतताना एक विचार सुचला. हिने एक कप चहा घेतला की दोघं सारखेच. मग कुणी कुणाला लाजायला नको. संध्याकाळी तिला मुद्दाम चहाच्या दुकानात नेलं. बरण्याच बरण्या, वाफ, आणि वास तर असा की मलाही तलफ आली. म्हटलं, घे की एक कप, सुट्टीत काय होतंय, मी कुणाला सांगणार नाही. ती बराच वेळ डोळे मिटून उभी राहिली. मला आशा वाटली. मग म्हणाली, तुम्ही मनावर दगड ठेवून राहताय आणि मी मोडू? तिने गरम पाणी मागितलं. दुकानदार तिच्याकडे बघत राहिला, मी जमिनीकडे.

गुरुवार, १२. सकाळी ७.
अंगठा टोमॅटोएवढा झालाय. चादर लागली तरी ठणका मस्तकात जातो. कारण: नवे बूट.

ही म्हणाली, चुकलं माझंच, काल सकाळी संग्रहालयात तुम्हाला तीन मजले चढवले. आज तिला काचघरातली बाग बघायची होती. वर्षभर त्या बागेचे फोटो मोबाईलमध्ये जपून ठेवलेत. ते रद्द केलं आणि माझा पाय मांडीवर घेऊन गार पाण्याच्या पट्ट्या ठेवत बसली. अशी बायको मिळायला भाग्य लागतं. आणि असा नवरा मिळायला... हे वाक्य नंतर पूर्ण करेन.

दुपारी २.
ती मलम आणायला गेली. औषधाचं दुकान लांब आहे, तासभर लागेल म्हणाली. चौथी ब्रुअरी हॉटेलच्या मागच्या गल्लीत. लंगडत गेलो. दुखण्यावरून लक्ष उडवावं असं कुठेतरी वाचलंय. ती यायच्या पाच मिनिटं आधी पलंगावर हजर. धाप लागली होती. तिला वाटलं, वेदना. कपाळावर हात ठेवून बसली. मला रडू आलं. तेही तिला वेदनेचंच वाटलं.

उद्या सगळं कबूल करणार. काय व्हायचं ते होवो.

शुक्रवार, १३
कबूल करायला तोंड उघडलं, तर ही फोनवर तिच्या बहिणीला सांगत होती की पाच महिन्यांत ह्यांनी थेंबाला शिवलेलं नाही, बोलतात मेंगळट पण माणूस लोखंडाचा आहे. तोंड मिटलं.

एवढं ओझं घेऊन खोलीत बसवेना. ही झोपल्यावर पाचवीत गेलो. सहावी पाचवीच्या समोरच आहे. हा नगररचनेचा दोष. शिवाय काम अर्धवट टाकण्याची सवय वाईट.

सहा शिक्के पुरे करणाऱ्याचं नाव दारातल्या फळ्यावर खडूने लिहितात, आठवडाभर. गल्ल्यावरच्या बाईने घंटा वाजवली, चार जणांनी टाळ्या पिटल्या. खोटं नाव सांगायचं ठरवून ठेवलं होतं. पण आयत्या वेळी वाटलं, सुजल्या पायाने मरमर मी करायची आणि नाव दुसऱ्याचं? आडनावासकट सांगितलं. अक्षर छान आलंय.

शनिवार, १४. संध्याकाळी ७.
सकाळी सूज उतरलेली. काचघर बघितलं. ही एकेका पानाशी लहान मुलीसारखी थांबत होती. इथवर सगळं चांगलं चाललं होतं.

बाहेर आल्यावर म्हणाली, पाय एवढा दुखला पण तुम्ही कुरकुर केली नाहीत. आज मी आपण होऊन सूट देते, अर्धा ग्लास घ्या, मी समोर बसते. मी नको म्हणालो. देवाशपथ, आयुष्यात पहिल्यांदा बिअरला मनापासून नको म्हणालो. ती हट्टाला पेटली. पाय दुखतोय म्हटलं, तर म्हणाली, मग बसायलाच हवं. दारात फुलांच्या कुंड्या असलेली जागा तिने स्वतः निवडली. सहावी.

तिने फळा वाचला. चष्मा पुसला. पुन्हा वाचला. आतून गल्ल्यावरची बाई मला ओळखीचा हात करत होती.

ही सरळ आत गेली, मला बसायला खुर्ची ओढली, पाय ठेवायला दुसरी. मग मीच सगळं सांगितलं. सहाही ठिकाणं. चहाच्या दुकानात तिला का नेलं, तेही. तोवर तिचा चेहरा दगडासारखा होता. त्या दुकानाचं ऐकून मात्र डोळे भरले. म्हणाली, प्यालात ते एक वेळ समजू शकते हो, पण मलाही पाडायला निघाला होतात?

मी पाय खुर्चीवरून खाली घेतला.

रविवार, १५. सकाळी ८.
निश्चय: तिला मोकळं करायचं. वेटरला सांगून तिच्यापुढे चहा ठेवला. कडक, दूध बेताचं, तिला लागतो तसा. म्हटलं, करार मी मोडला, आता तू सुटलीस.

तिने कप हळूच बाजूला सरकवला. म्हणाली, शब्द मी माझा दिला होता, तुम्ही तुमचा मोडलात म्हणून माझा कसा मोडेल? वर्ष पुरं व्हायला सात महिने आहेत. आणि गरम पाणी मागवलं. चहावर साय धरली. कुणीच प्यालं नाही.

म्हटलं, मीही आजपासून पुन्हा सुरुवात करतो. अगदी कडक. ती म्हणाली, करा की. फक्त मला सांगू नका.

म्हणून इथे लिहितो. दिवस पहिला. अजून सकाळचे साडेआठसुद्धा वाजलेले नाहीत.