दुर्मीळ बेडकाच्या शोधकर्त्यांस

अहो,

चिठ्ठी फ्रिजवर लावतेय, कारण भूक लागली की तिथवर तरी याल.

तुमचा "दुर्मीळ, बहुधा विषारी" बेडूक मी बरणीतून काढला. काठोकाठ पाणी भरून वर झाकण घट्ट आवळलंत, अक्कल कुठे गहाण टाकली होतीत? तो झाडावरचा बेडूक आहे. बोटांच्या टोकांना गोल चकत्या आहेत ना, त्या भिंतीला चिकटून बसायला असतात. आणि तो किडे खातो, तुमची बिस्किटं नाही. ओल्या फडक्यात धरून त्याला मागच्या नळापाशी सोडलाय. आता पुन्हा पकडायला जाऊ नका.

ग्रुपवर फोटो टाकून दिवसभर शेखी मिरवलीत, म्हणे "कुणी कधी न पाहिलेला!" चार वर्षं तो त्या नळामागे राहतोय. धुणं धुताना मी त्याला रोज बघते. तुम्ही एकदा स्वतःचा रुमाल पिळायला तिकडे आला असतात, तर तुमचीही ओळख झाली असती.

मी ताईकडे चाललेय. किती दिवस, ते ठरवलेलं नाही. सव्वीस वर्षं मीही याच घरात राहतेय. जमलं तर माझाही फोटो टाका ग्रुपवर. ही कोण, ते कुणीतरी सांगेल तुम्हाला.